वाचन नाही

एकवीस वर्षं मी विश्वामित्रीची पातळी लिहिली.
काळाघोड्याच्या पुलावरून वाकून, रात्री टॉर्च मारून,
पावसाळ्यात दर तासाला एक आकडा,
फूट, इंच, आणि पुढे सही: द. बा. शिर्के.
म्हणून डॉक्टर अंजारिया "दोन टक्के" म्हणाले
तेव्हा माझ्या तोंडून आधी हेच निघालं:
धोक्याची खूण कितीवर आहे?

पेशी किती भराभर दुणावतात त्याचा तो आकडा, ते म्हणाले.
तीनच्या आत, म्हणजे पहिली श्रेणी.
"धीमी छे, काका. बहु धीमी."
जणू गाय आहे, गल्लीत बसलेली.

पण यकृतात पोचली होती ती, अकरा ठिकाणी.
कुमुदनं फिल्मवर बोट ठेवून मोजून घेतली,
लिंबं मोजून घेते तशी.

चार वर्षं तिचं नाव पित्त होतं.
मग आव. मग वय. मग "मनाला फार लावून घेता तुम्ही."
भर दुपारी दांडियाबाजारात
सेव-उसळीच्या दुसऱ्या घासाला चेहरा पेटायचा, कानांपर्यंत,
आणि दारूबंदीच्या या राज्यात
शेजारचे मोहिते जवळ सरकून विचारायचे,
"शिर्के, आम्हालाही सांगा की, कुठं मिळते?"
कुठं ते मला तरी कुठं ठाऊक होतं!
माझ्याच आतड्यात भट्टी लागली होती.

स्कॅनच्या दिवशी मी स्वतः थोडा किरणोत्सारी होतो.
नातीला जवळ घ्यायचं नाही, म्हणाले.
ती दारातूनच ओरडली, "आजोबा, अंधारात चमकून दाखवा!"
मी दिवा मालवला.
बराच वेळ आम्ही दोघं वाट पाहत राहिलो.

थंडीत मगरी काठावर येऊन पडतात
कमाटीबागेच्या मागल्या अंगाला.
नवखी माणसं खडे मारून बघतात, जिवंत आहे का.
मी कधी मारला नाही.
त्या आहेत, आणि आमचं शहरही आहे,
एका वर्षी तर त्या रस्त्यावर आल्या, आम्ही गच्चीवर गेलो,
मग पाणी उतरलं, आणि चिखल मात्र दोघांनाही पुरला.

डॉक्टरांनी आलेख दाखवला.
पायरी पायरीनं उतरणारी रेघ, घाटासारखी.
प्रत्येक पायरीला कोणीतरी खाली गेलेलं.
रेघेवर मध्येच बारीक उभ्या खुणा होत्या.
या काय?
"ज्यांची माहिती पुढे मिळाली नाही. शेवटचं कळलं तेव्हा हयात."
बस, हयात.
कोणी गाव बदललं असेल,
कोणी फोन उचलायला कंटाळलं असेल,
एखादा त्या क्षणी भेंडी चिरत असेल.
पायऱ्यांपेक्षा मी त्या खुणाच जास्त पाहिल्या.

माझ्या रजिस्टरात अशा दोन रात्री आहेत.
शहराची वीज गेलेली, टॉर्चमध्ये पाणी, पट्टी दिसेना.
मी लिहिलं: वाचन नाही.
साहेब चिडले. अंदाजे टाकायचा होता, शिर्के!
टाकला नाही.
नदी होती खाली. पुलाच्या कठड्याला हात लावला की
तळव्यात तिची थरथर यायची.
पण थरथरीला फूट-इंच नसतात.

आता दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन.
कुमुद ते बर्फाच्या डब्यातून आणते,
परतताना त्याच डब्यात कोथिंबीर.
सिस्टर फाल्गुनी सुई अर्धा तास टेबलावर ठेवते, गार टोचू नये म्हणून,
आणि तेवढ्या वेळात तिच्या सासूबद्दल सगळं सांगून टाकते.
किती वर्षं, हे मी विचारायचं सोडलं आहे, असं नाही.
विचारतो. दर वेळी.
ते म्हणतात, काही जण वीस. काही जण नाही.
पलंगावर कुशीवर वळतो.
"काका, कई बाजू?"
मागच्या खेपेला डावी होती.
घरी येऊन वहीत लिहितो:
उजवी. सकाळचे अकरा वीस. थोडं दुखलं.
सही.